माया किती सोडायची? कंदील, मखर आणि कागदी कामातल्या मापाचा इतिहास

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आम्ही जे पाहिलं, केलं, आणि खरं सांगायचं तर जे बिघडवलं, त्यावर आज बोलायचं आहे. विषय ऐकायला अगदी लहान वाटेल. कागदाची किंवा पुठ्ठ्याची एखादी वस्तू दहा-बारा तुकड्यांची आहे. ती मोठी करायची आहे. कॉम्प्युटरवर एक कोपरा धरून ओढला की चित्र मोठं होतं. मग तुकडे कापून जोडायला बसलं की ते एकमेकांत बसत नाहीत. का बसत नाहीत? एवढाच प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर शोधताना आम्हाला शिंप्याच्या टेबलापासून जमीन मोजणीच्या साखळीपर्यंत जावं लागलं.

मोजमाप हा प्रांत आपल्या भागाला नवा नाही. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. त्यात यज्ञांच्या वेळी दिलेल्या गाई आणि नाण्यांच्या संख्या कोरल्या आहेत. भारतातल्या जुन्यात जुन्या कोरीव अंकांमध्ये या अंकांची गणना होते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटवाटेवर कुणीतरी मोजून लिहून ठेवत होतं. आज आपण इतकं मागे जाणार नाही, पण "मोजून लिहून ठेवणं" हे शब्द लक्षात असू द्या. शेवटी त्यांच्याकडे यायचं आहे.

एक काडी ठरली की कंदील ठरला

सुरुवात आपल्या पारंपरिक आकाशकंदिलापासून करू. बांबूच्या कामट्या तासायच्या, सारख्या लांबीच्या करायच्या, त्यांचे चौकोन बांधायचे. सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधत गेलं की मधल्या मोकळ्या जागेत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्यावर खळीनं पतंगी कागद चिकटवायचा, खाली झिरमिळ्या सोडायच्या. झाला कंदील.

गणिताच्या नजरेनं पाहिलं तर या आकाराची एक गंमत आहे. त्याला चोवीस कडा असतात आणि सगळ्या एकाच लांबीच्या. इतकंच नाही, कंदिलाच्या मध्यबिंदूपासून कोणत्याही कोपऱ्यापर्यंतचं अंतरसुद्धा त्या कडेएवढंच भरतं. म्हणजे या अख्ख्या वस्तूत माप एकच आहे. एक काडी ठरली की कंदील ठरला. नऊ इंचाची काडी घ्या, घराचा कंदील होतो. दोन फुटांची घ्या, चौकातला होतो. कुठलाही तुकडा वेगळा मोजावा लागत नाही.

पण नीट बघा, मोठ्या कंदिलात काय काय वाढतं? काडीची लांबी दुप्पट केली तर कागद चौपट लागतो आणि आतली पोकळी आठपट होते. कामटीची जाडी मात्र कारागीर दुप्पट करतोच असं नाही. तो हातात घेऊन वाकवून बघतो आणि ठरवतो. कागद चिकटवण्यासाठी कडेला जी पट्टी दुमडायची, ती लहान कंदिलातही बोटभर आणि मोठ्यातही बोटभरच. खळ लावायला बोटभर जागा पुरते, मग कंदील केवढाही असो.

म्हणजे वस्तू मोठी करताना काही गोष्टी प्रमाणात वाढतात, काही त्याहून जास्त वाढतात आणि काही वाढतच नाहीत. आजच्या व्याख्यानाचा कणा हाच आहे.

शिंप्याची माया

ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यात चांगली कुणाला कळते? शिंप्याला. छत्तीस छातीच्या शर्टाचा खाकी कागदाचा फर्मा त्याच्याकडे तयार असतो. बेचाळीसचा शर्ट शिवायचा तर तो फर्मा सगळीकडून सारखा फुगवत नाही. छाती वाढवतो, खांदा थोडाच वाढवतो, लांबी गिऱ्हाईक बघून ठरवतो. आणि शिलाईसाठी कडेला जो जादा कपडा सोडायचा, ज्याला आपण फार सुंदर शब्द वापरतो, "माया", ती मात्र तेवढीच ठेवतो. माया किती सोडायची हे सुई, दोरा आणि कापड ठरवतात, माणसाची छाती नाही. गुंडीचंही तसंच. शर्ट मोठा झाला म्हणून गुंडी मोठी होत नाही, आणि गुंडी तीच असेल तर काजही तेवढंच ठेवावं लागतं. काज वाढवलं तर गुंडी निसटणार.

गुंडी आणि काज हे उदाहरण जपून ठेवा. पुठ्ठ्याच्या मखरातली खाच म्हणजे काज आणि तिच्यात बसणारा पुठ्ठा म्हणजे गुंडी. आमची चूक नेमकी तिथे झाली.

साखळी, टिपण आणि गावनकाशा

आता थोडं वेगळ्या वाटेनं जाऊ. अनेक कागदी तुकडे एका मापात आणून जुळवायचं सगळ्यात मोठं काम आपल्या खेड्यांमध्ये कुणी केलं असेल, तर ते जमीन मोजणी खात्यानं. मुंबई इलाख्याची पाहणीची पद्धत विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या काळात आकाराला आली आणि १८४७ च्या जॉइंट रिपोर्टनं पक्की झाली. मोजायला ३३ फुटांची साखळी असे, आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर. आज शहापुरात कुणी "चार गुंठे घेतले" असं म्हणतो, तेव्हा तो नकळत त्या साखळीनंच बोलत असतो.

शेताशेताचं कच्चं रेखाटन आणि त्यावर टाकलेली मोजमापं म्हणजे टिपण. टिपणातली आकृती वेडीवाकडी असली तरी चालतं, कारण खरं माप आकड्यात असतं. मग ही सगळी शेतं एका प्रमाणात काढून, शेजारी शेजारी बसवून गावनकाशा तयार होतो. शेजारच्या दोन शेतांचा बांध एकच असतो, म्हणून दोन्ही शेतं एकाच प्रमाणात काढली तरच तो जुळतो. एक शेत वेगळ्या प्रमाणात काढलं तर नकाशा फाटतो, आणि नकाशा फाटला की भाऊबंदकी सुरू होते.

पण नकाशातही एक गोष्ट प्रमाणात नसते. गाडीवाट. आठ फुटांची वाट लहान प्रमाणाच्या नकाशावर खऱ्या प्रमाणात काढली तर केसाएवढी बारीक होऊन दिसेनाशी होईल. म्हणून तिच्यासाठी ठरावीक जाडीची खूण वापरतात. वाटेची लांबी प्रमाणात, जाडी डोळ्याला दिसेल इतकी. शिंप्याची माया इथे नकाशावाल्याच्या हातात आली.

नकाशे आणि चित्रं लहानमोठी करायला युरोपात एक साधं यंत्र होतं, पँटोग्राफ. ख्रिस्तोफ शायनर या जेसुइट विद्वानानं ते १६०३ मध्ये बनवलं आणि १६३१ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. चार पट्ट्या बिजागरीनं जोडलेल्या. एका टोकाची सळई मूळ रेषेवरून फिरवायची, दुसऱ्या टोकाची पेन्सिल तीच रेषा मोठी किंवा लहान काढते. यंत्र प्रामाणिक आहे, सगळंच सारख्या प्रमाणात वाढवतं. वाढवू नये ते सुद्धा. पुढे १६३८ मध्ये गॅलिलिओनं आपल्या शेवटच्या ग्रंथात हाच मुद्दा हाडांवरून मांडला. प्राणी तीनपट मोठा झाला तर त्याचं हाड त्याच आकाराचं तीनपट मोठं करून चालणार नाही, ते त्याहून जाड लागेल. कारण वजन आकारमानाबरोबर वाढतं आणि ताकद जाडीच्या छेदाबरोबर.

चकती फिरवायचं मशीन

आता कटिंग मशीनकडे येऊ. कॉम्प्युटरमधली रेषा ओढली तरी फाटत नाही, यामागेही इतिहास आहे. मोटारींचे वळणदार पत्रे आखण्यासाठी १९५९ च्या सुमारास सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि पुढे रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी वक्ररेषा काही मोजक्या बिंदूंमधून लिहिण्याची पद्धत शोधली. बिंदू दूर सरकवले की रेषा मोठी होते आणि तेवढीच गुळगुळीत राहते. आज कटिंग मशीनला आपण जी एसव्हीजी फाईल देतो, तिचं प्रमाणभूत रूप २००१ मध्ये जाहीर झालं. तिच्या पोटात हेच बिंदू असतात.

घरगुती कागद कापायच्या मशीनमध्ये एक नाव आपल्याकडेही माहीत झालंय, क्रिकट. अमेरिकेत २००६ मध्ये आलेल्या पहिल्या क्रिकटला कॉम्प्युटर लागत नसे. त्यात डिझाइनचं कार्ट्रिज खुपसायचं, कळ दाबायची आणि मापाची चकती फिरवायची. आता यातली खुबी ऐका. चकतीवर चार इंच ठरवले, तर ते माप कार्ट्रिजमधल्या सगळ्यात उंच अक्षराला लागू होई आणि बाकीचे तुकडे त्याच्या प्रमाणात लहान निघत. म्हणून एका बाहुलीचं तोंड, केस, झगा आणि चप्पल वेगवेगळ्या कळांवर असले तरी सगळे एकमेकांना बसत. पण त्यावर आणखी एक बटण होतं, प्रत्यक्ष मापाचं. ते दाबलं की प्रत्येक तुकडा स्वतः चार इंचांचा. म्हणजे बाहुलीचं डोकं चार इंच आणि चप्पलही चार इंच!

दोन्हींची गरज होती. एकटं फूल कापायचं असेल तर "मला ते नेमकं चार इंच हवंय" हे म्हणणं बरोबर आहे. अनेक तुकड्यांची वस्तू असेल तर "सगळे एकमेकांच्या नात्यानं वाढू देत" हे बरोबर. पुढे चकती गेली, पडदा आला, कार्ट्रिज गेलं, फाईल आली. पण प्रश्न तिथेच राहिला. तुकडे गटात बांधून वाढवायचे की सुटे सुटे?

गणपतीआधीचा तो आठवडा

आता आमची गोष्ट. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. त्या वर्षी सजावटीच्या थर्माकोलसाठी सवलत मागणाऱ्यांना उच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. थर्माकोलच्या मखरांवर ज्यांची पोटं होती, त्यांचं नुकसान झालं, हे विसरून चालणार नाही. दुसरीकडे पुठ्ठ्याच्या आणि कागदाच्या मखरांना मागणी आली. मुंबई, ठाणे, कल्याण हे बाजार आपल्यापासून लोकलच्या अंतरावर. आसनगावला गाडीत चढलं की माल पोचतो.

मुरबाड तालुक्यातल्या एका गावात बायकांचा बचत गट होता, त्यांच्यासोबत आम्ही काम करत होतो. भातलावणी झाल्यावर हाताला काम हवं, म्हणून मखर. आठ इंचांच्या मूर्तीसाठी आम्ही दोन मिलिमीटर पुठ्ठ्याचं, नऊ तुकड्यांचं, खाचेत खाच बसवायचं मखर तयार केलं. चिकटवायची गरज नाही, उत्सव झाला की सोडून सपाट ठेवायचं. छान बसलं. २०१९ च्या गणपतीआधी एका व्यापाऱ्यानं चाळीस नग मागितले, पण बारा इंचांच्या मूर्तीसाठी. आम्ही म्हटलं, त्यात काय, दीडपट करायचं!

केलं. मागची कमान मूळची दहा इंच रुंद, दीडपट म्हणजे पंधरा. आमच्या मशीनची चटई बारा इंचांची. सॉफ्टवेअरनं सांगितलं, हा तुकडा मावत नाही. रात्रीची वेळ, आमच्यातल्या एकानं तेवढा एकच तुकडा ओढून बारा इंचांत बसवला. म्हणजे बाकीचे आठ तुकडे दीडपट आणि हा एक फक्त एक पूर्णांक दोन दशांश पट. त्याच्या दोन खाचांमधलं अंतर मूळ आठ इंच होतं. ते बारा व्हायला हवं होतं, झालं साडेनऊच्या आसपास. खांब बसणार कुठे?

ते लक्षात आल्यावर कमान दोन तुकड्यांत कापून मागून पट्टीनं जोडली. आता अंतरं जुळली. मखर उभं केलं, हात सोडला आणि ते हळूच एका बाजूला कललं. पुन्हा उभं केलं, पुन्हा कललं. तोवर वीसेक नगांचा पुठ्ठा कापून झाला होता.

आम्ही पडद्याकडे बघत बसलो. गटातल्या एक ताई गावात ब्लाउज शिवतात. त्यांनी एक तुकडा उचलला, खाचेत नख घालून बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही मायापण वाढवली की!"

दोन मिलिमीटरची खाच दीडपट होऊन तीन मिलिमीटर झाली होती. पुठ्ठा होता तोच, दोन मिलिमीटरचा. प्रत्येक खाचेत एक मिलिमीटरची ढिलाई. काज वाढलं, गुंडी तीच. त्यात पुठ्ठ्याचं क्षेत्र दीडपटीच्या दीडपट, म्हणजे सव्वादोन पट झालं होतं, तेवढंच वजनही. जाडी मात्र तीच. गॅलिलिओचं हाड आमच्यासमोर कलून पडलं होतं.

सगळी ऑर्डर वेळेत गेली नाही. काही नग खाचेत पुठ्ठ्याच्या चिपा ठोकून सावरले, बाकीचे राहिले. बायकांच्या त्या हंगामाच्या मजुरीत जी तूट आली, ती आमच्या दीडपटीमुळे आली. हे आम्ही इथे मुद्दाम सांगतो, कारण अशा वेळी "मशीन बिघडलं" म्हणायची आपल्याला सवय असते. मशीन बिघडलं नव्हतं. आम्ही सांगितलं तेच त्यानं केलं होतं.

मग करायचं काय?

नंतर आम्ही जी रीत लावली ती सांगतो. यातलं काहीही आम्ही शोधलेलं नाही. शिंप्याची, कंदीलवाल्याची आणि मोजणीवाल्याची रीत आम्ही पडद्यावर आणली एवढंच.

पहिलं, सगळे तुकडे एका गटात बांधायचे आणि मगच वाढवायचे. लांबी-रुंदीचं कुलूप लावलेलं असलं पाहिजे. कुठलाही तुकडा मावत नसेल तर तो लहान करायचा नाही, त्याचे दोन भाग करायचे. शेजारचं शेत वेगळ्या प्रमाणात काढायचं नाही, तसं.

दुसरं, वाढवून झाल्यावर गट सोडायचा आणि प्रत्येक खाचेची रुंदी पुन्हा पुठ्ठ्याच्या जाडीएवढी करायची. खाचेची खोली प्रमाणात वाढू द्या, रुंदी नको. दुमडून चिकटवायच्या पट्ट्यांचंही तेच, बोटभर म्हणजे बोटभर. डबीवर झाकण बसवायचं असेल तर दोन्हींत ठेवलेली फटही तेवढीच ठेवायची.

तिसरं, वस्तू बरीच मोठी होत असेल तर जाड पुठ्ठा घ्यायचा, किंवा मागून आधाराची एक पट्टी द्यायची. आणि जाडी बदलली की खाच पुन्हा बदलायची.

चौथं, फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना मापच बदलू शकतं. कुठे एका इंचात ७२ एकक धरतात, कुठे ९६. इंकस्केप या मुक्त सॉफ्टवेअरनं २०१७ मध्ये आपला आधीचा ९० चा हिशेब सोडून ९६ चा धरला. ७२ च्या हिशेबानं काढलेली आठ इंचांची कमान ९६ च्या हिशेबानं वाचली तर सहाच इंचांची निघते. म्हणून प्रत्येक फाईलच्या कोपऱ्यात नेमका एक इंचाचा चौकोन काढून ठेवायचा. उघडल्यावर आधी तो मोजायचा. तो एक इंच असेल तर पुढे जायचं.

पाचवं, चाळीस नग कापण्याआधी एक खाच कापायची. हातभर पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यात दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन मिलिमीटरच्या चार खाचा. पुठ्ठा ज्या खाचेत घट्ट पण न चिरडता बसेल ती आपली. पावसाळ्यात पुठ्ठा दमटपणानं थोडा फुगतो, आणि आपलं काम नेमकं श्रावणात चालतं. त्यामुळे उन्हाळ्यात घेतलेलं माप श्रावणात पुन्हा तपासायचं.

सहावं, ठरलेलं सगळं लिहून ठेवायचं. कोणता पुठ्ठा, किती जाडी, खाच केवढी, कितीपट वाढवलं. गटाकडे आता त्यासाठी एक शंभरपानी वही आहे आणि ती त्या शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या ताब्यात असते. मोजणीवाल्याचं टिपण होतं, तसंच हे मखराचं टिपण. आकृती वेडीवाकडी असली तरी आकडे खरे आहेत.

कटिंग मशीन आलं की कारागिराचं काम संपलं असं बोललं जातं. आमचा अनुभव वेगळा आहे. मशीन "किती पट" हे विचारतं. "कशाला पट लावायची नाही" हे ते विचारत नाही. ते ज्यांना माहीत होतं त्या ताई त्याच खोलीत बसून झिरमिळ्या कापत होत्या, आणि आम्ही त्यांना आधी विचारलं नाही. आता नवं डिझाइन पडद्यावर वाढवलं की ते कापायला जाण्याआधी त्या बघतात. त्यांना कॉम्प्युटर येतो असं नाही. त्या स्क्रीनवर बोट ठेवून विचारतात, "ही खाच केवढी? पुठ्ठा केवढा?" एवढे दोन प्रश्न पुरतात.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी बाशिंगं करणारं, मखरं करणारं, कंदील बांधणारं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की मोठं करताना ते काय वाढवत नाहीत. जे सांगतील ते आकड्यांसकट लिहून घ्या. आता प्रश्न घेऊ या.